‘हं, सोड’ म्हटल्यावर सरकणारं पान

भुतंखेतं, करणी, उतारा... असला विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. माझं तोंड फटकळ आहे, उगाच चारचौघांत वाद नको. नृसिंहवाडीला मी जाते ती बासुंदी खायला आणि कवठाची बर्फी आणायला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा हे लिहायला मी बसलेय याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण इथं तुमच्यापैकी बरेच जण कॉम्प्युटरवाले आहात, कुणी काही सांगितलं तर बरंच होईल. नाहीतर निदान मन तरी मोकळं होईल.

माझं काम वेबसाइट तपासायचं. कंपनी पुण्यात, मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात. बटण दाबलं की चालतं का, पान नीट वरखाली सरकतं का, कुठे अडकतं का... दिवसभर हेच. आमच्या धंद्यात एक नियम आहे — जी चूक पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही. मी सगळ्या आयुष्यालाच हा नियम लावत आले होते.

माझे वडील, आण्णा, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या पुकारायचं काम. “गगनबावड्याकडं जाणारी गाडी लागलेली हाय, पावण्यांनी दारात गर्दी करू नये!” माईक बंद पडला तरी कुणाचं अडायचं नाही, असा आवाज. घरात जेवताना मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. आई गेल्यावर या घरात मी आणि हा आवाज, एवढंच उरलं होतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, वारणानगरला नोकरीला असतो. तो रविवारी येतो.

आणि समोर दस्तगीरचाचांचं दुकान. चाचा टेलर, पण शर्ट-पॅन्टवाले नव्हेत. मांडवाच्या कनाती, झालरी, हॉलचे पडदे... असली लांबच लांब कापडं ते शिवायचे. आण्णा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी पेपर घेऊन त्यांच्या दुकानात जायचे. चाचांचे डोळे सुईवर, त्यामुळे पेपर आण्णांनी मोठ्यानं वाचायचा. आणि मशीनच्या पलीकडे बसल्यामुळे कापडाचा ढीगही आण्णांच्याच मांडीवर. एक बातमी संपली की चाचा म्हणायचे, “हं, सोड.” म्हणजे कापड सोड, आणि पुढची बातमीही सोड. एकाच शब्दात दोन्ही कामं! आण्णांनी घाईत कापड ढकललं नाहीतर धरून ठेवलं की ओरडायचे, “वडू नगंस रं दत्तू, सुई मोडंल! दमानं सोड की!” आणि चाचांचं ‘हं’ आल्याशिवाय आण्णा पुढची ओळ वाचायचे नाहीत. मी खिडकीतून हे ऐकत मोठी झालेली नाही, कारण तेव्हा माझं लग्न होऊन मोडूनही झालं होतं, पण माझी प्रत्येक सकाळ त्या आवाजानंच सुरू व्हायची.

मग आण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तो आवाज — गेला! ते दवाखान्यात असतानाच इकडे दस्तगीरचाचा मशीनवर बसल्या बसल्या हार्ट अटॅकनं गेले. डॉक्टर म्हणाले, “पेशंटला आत्ता कसलाही धक्का नको.” दादानं ठरवलं, सांगायचं नाही. मीही मान डोलावली. आण्णा घरी आले, तर समोरच्या दुकानाचं शटर खाली. “चाचा मिरजेला लेकीकडं गेल्यात,” असं आम्ही सांगितलं.

बोलता येत नव्हतं, तरी आण्णा रोज विचारायचे. डावा हात मानेमागून फिरवून छातीवर खाली आणायचे... चाचांच्या गळ्यातली टेप! म्हणजे — दस्तगीर कुठाय? आणि मी रोज सांगायची, “मिरजेला.” सांगून आत जायची आणि भांडी आदळायची. रडायची सोयच नव्हती, डोळे लाल दिसले असते तर त्यांना लगेच कळलं असतं.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी एकच गोष्ट बजावून सांगितली. यांना रोज मोठ्यानं वाचायला लावा, आवडीचं काहीतरी. सुरुवातीचे महिने गेले की मग फार सुधारणा होत नाही. म्हणजे आण्णांचं बोलणं परत येणार ते आत्ता, नाहीतर राहिलंच.

पेपर एका हातानं धरता येईना. म्हणून माझा नवा लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि पेपरची वेबसाइट मोठ्या अक्षरांत लावून दिली. म्हटलं, डाव्या बोटानं पान सरकवा आणि वाचा. इथंच गाडी अडली.

या लॅपटॉपचा पडदा एकशे वीस हर्ट्झचा. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला एकशे वीस वेळा नवं होतं, त्यामुळे पान कसं अलगद सरकायला हवं. पण ब्राउझरला तेवढ्या वेगानं चित्रं पुरवणं जमलं नाही की मधली चित्रं गळतात आणि पान बारीक बारीक उड्या मारतं. तुम्हा-आम्हाला ते जाणवतही नाही. आण्णांची मात्र प्रत्येक उडीला ओळ हरवायची. ओठांवर आणलेला शब्द तिथंच अडकायचा. मग ते डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे.

मी काय काय केलं विचारू नका. पडद्याचा वेग ऑटोवरून काढून पक्का एकशे वीसवर ठेवला. बॅटरी वाचवायच्या सगळ्या सोयी बंद केल्या, विंडोजच्या पण आणि ब्राउझरच्या पण. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, मग जुना टाकला. स्मूथ स्क्रोलिंग चालू केलं, बंद केलं. एक्स्टेन्शन्स काढून टाकली. ब्राउझरच बदलून पाहिला. मोजायचं यंत्र ब्राउझरच्या आतच असतं, त्याचा आलेख उघडला की नुसते काटेच काटे, एकेक काटा म्हणजे पानाची एकेक उडी. दादा फोनवर म्हणतोय, “अगं, एवढी त्यातली जाणकार तू आणि तुला पान सरकवता येईना व्हय?” असा राग आला मला! फोनच ठेवून दिला. ज्या कामाचा मी पगार घेते, नेमकं तेच मला माझ्या बापासाठी जमत नव्हतं.

आता मूळ गोष्ट.

दुपारची वेळ, लख्ख ऊन. आण्णा बाहेरच्या सोप्यात टेबलाशी बसलेले, मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेरून आवाज आला... “जि... जिल्ह्यात... ऊस...” मी थापायची थांबले. अडखळत होते, पण मूठ आपटल्याचा आवाज नव्हता. एक परिच्छेद संपला. मग शांतता. मग पुढचा परिच्छेद सुरू. पीठ भरलेल्या हातांनी मी दारात आले.

आण्णांचा डावा हात मांडीवर होता. उजवा तर हलतच नाही. टचपॅडवर कुणाचंच बोट नव्हतं. आण्णांनी परिच्छेद संपवला, मान किंचित डावीकडे कलती करून थांबले — दुकानात थांबायचे ना, अगदी तसेच — आणि पान वर सरकलं. एक उडी नाही की हिसका नाही. मशीनखालून कापड सरकावं, तसं ते सरकलं. पुढच्या परिच्छेदाची पहिली ओळ आण्णांच्या नजरेसमोर आली आणि पान थांबलं. आण्णा वाचायला लागले.

माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं, तरी मी तिथंच उभी. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, “अगं बाई, ऑटोस्क्रोल चालू राहिलं वाटतं!” बघा, स्वभाव जात नाही.

ते बंदच होतं. माऊस जोडलेला नव्हता. लॅपटॉप लांबून कुणी चालवत नव्हतं, तेही तपासलं. दुसऱ्या दिवशी मी आलेख उघडून ठेवला आणि मुद्दाम आत गेले. परत येऊन बघते तर रेघ सरळसोट. एकही काटा नाही! लगेच आण्णांना म्हटलं, “जरा मला द्या.” मी बोट लावलं तर काटेच काटे. त्यांच्यापुढे ठेवला की गुळगुळीत. बॅटरीवर चालवला, चार्जर लावून चालवला, खोली बदलली... तेच! मोबाइलवर शूटिंग केलं, त्यातही पान सरकताना दिसतंय. पण ते बघून दादा काय म्हणाला? “बोट लावलं असेल की त्यांनी, तुझं लक्ष नसंल.” आता यावर काय बोलायचं!

खरं सांगू? पानाची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या दुपारपासून आण्णांनी टेपची खूण करणं बंद केलं होतं. दस्तगीर कुठाय, हे त्यांनी परत विचारलंच नाही.

रोज दुपारी वाचन चालू राहिलं. शब्दांची वाक्यं व्हायला लागली. मॅडम खूश. मला मात्र चैन पडेना. माणूस इतका बरा होतोय आणि आपण त्याच्या तोंडावर रोज खोटं बोलतोय... शेवटी दादाला न विचारताच मी त्यांच्यापुढे खुर्ची ओढली. म्हटलं, “आण्णा, दस्तगीरचाचा मिरजेला...”

त्यांनी डावा हात वर केला. स्टँडवर गाडी थांबवायला करायचे तसा.

“ठावं... हाय,” म्हणाले. मग एकेक शब्द जुळवत, “झालर... निळी... अर्धीच ऱ्हायली त्येची.”

मी तशीच उठले आणि समोर गेले. चाचांचा मुलगा सलीम बाजूच्याच खोलीत राहतो. त्याला म्हटलं, “आण्णांना तू काही सांगितलंस?” तो म्हणाला, “ताई, अल्लाची शप्पथ. तुम्हीच नको म्हटलं होतं की.” मग मी झालरीचं विचारलं. सलीम माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं दुकानाचं शटर वर केलं. अब्बांचा शेवटचा हात लागलेलं कापड म्हणून घरच्यांनी ते मशीनवरून काढलंच नव्हतं. निळ्या सॅटिनची झालर, अर्धी शिवलेली, सुई तशीच कापडात रुतलेली. बाकीचा ढीग पलीकडच्या रिकाम्या स्टुलावर... आण्णांच्या. ते काम आलं होतं आण्णा दवाखान्यात गेल्यावर. बंद शटरच्या आत काय आहे, हे चाचांच्या घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मला पण नव्हतं.

घरी येऊन दादाला, मॅडमना, शेजारी सगळ्यांना विचारलं. कुणीही सांगितलेलं नाही. कुणी खोटं बोलत असेलही, मी नाकारत नाही. पण रोज दुपारी पान कोण सरकवत होतं, याचं उत्तर त्यातही मिळत नाही.

आणि त्या संध्याकाळपासून पान परत उड्या मारायला लागलं. तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर, एकही सेटिंग बदललेलं नाही. आलेखात काटेच काटे. आता आण्णांच्या पुढ्यात ठेवला तरी तेच. मी हट्टाला पेटले. शेजारी बसून सगळ्या सेटिंग्ज पहिल्यापासून उलटसुलट करायला लागले. काल चालत होतं ना, मग आज का नाही? करून दाखवलंच पाहिजे! बोट टचपॅडवर इतकं दाबून धरलं होतं की नख पांढरं पडलं होतं. माझी बडबड चालूच — ड्रायव्हर असेल, अपडेट असेल, गरम होत असेल...

आण्णांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला.

“वडू नगंस,” ते म्हणाले. स्वच्छ. स्टँडवरचा आवाज! “दमानं. सोड.”

मी हात काढला आणि रडायला लागले. चाचा गेल्यापासून रडलेच नव्हते, ते सगळं तेव्हा बाहेर पडलं. पदरानं तोंड झाकून, हमसून हमसून रडले. माझं होईपर्यंत आण्णा थांबले, मग त्यांनी समोरचा परिच्छेद वाचायला घेतला.

आमच्या कामात सुटत नाही ती चूक लिहून ठेवायची असते आणि पुढे शेरा मारायचा असतो. याच्यापुढे कुठला शेरा मारू, मला अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचला तर सांगा. फक्त ‘तुझं लक्ष नसेल’ एवढं सांगू नका, ते दादानं सांगून झालंय.

त्या दिवशी परिच्छेद संपला तेव्हा आण्णा मान कलती करून थांबले. थांबलेच. मला वाटलं, शब्द अडला. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“हं म्हण की,” म्हणाले.

मी नाक पुसलं आणि “हं” म्हटलं. आण्णांनी डाव्या बोटानं पान सरकवलं. ते अडखळत, उड्या मारतच वर गेलं... पण आण्णांची ओळ चुकली नाही.