भेंडी चिरताना

हल्ली भाजी मी चिरतो. बायकोच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळीमुळे तिचं बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. प्राण्याच्या ऊतीची झडप आवाज करत नाही, पण काही वर्षांनी बदलावी लागते, असं डॉक्टर म्हणाले होते. "पुन्हा छाती उघडायला नको," एवढंच ती म्हणाली.

माझी ओबडधोबड भेंडी बघून ती हसते, छातीशी उशी घट्ट धरून, कारण हसताना अजून दुखतं. मधेच मी विळीवरचा हात थांबवतो.

"दमलात?"

मी हो म्हणतो. इतकी वर्षं हे हृदय मी गृहीतच धरलं होतं. विळी थांबली की त्याची बारीक टिकटिक ऐकू येते.