पिंपावरचं नाव

पोरानं तळवड्याला फ्लॅट घेतला. कुरुळीची खोली सोडायच्या दिवशी म्हणाला, "बाबा, हे निळं पिंप इथंच राहू द्या. भाडेकरूला होईल. आईचं नाव तेवढं खरवडून काढतो."

आईचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नव्हतं. म्हटलं, "काढून तर बघ."

चाळीच्या नळावर सगळ्यांची पिंपं निळीच. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून मिळतं, प्लॅस्टिकवर कोण कोरणार? हिनं ऑइलपेंटनं लिहिलं, तर त्याचे पापुद्रे निघाले. मग नळावर रोजची भांडणं. घरी येऊन मला म्हणाली, "अहो, कंपनीत गाड्यांचे बंपर रंगवता, अन् बायकोचं पिंप तेवढं जमंना व्हय?"

झोंबलं. बंपरचं प्लॅस्टिकही तसलंच, पाण्याला उभं करत नाही. थेंब गोळी होऊन घरंगळतो, रंगही धरत नाही. म्हणून रंगाआधी आम्ही त्यावरून गॅसची ज्योत झरझर फिरवायचो. वितळवायचं नाही, नुसतं वरचं कातडं बदलायचं. मग त्याच प्लॅस्टिकवर पाणी पसरतं आणि रंग चिकटून बसतो. फक्त नंतर हात लावायचा नाही. बोटाचं तेल ते आधी ओढून घेतं, मग रंगाला जागा उरत नाही.

प्लंबरची गॅसबत्ती आणली, पिंपावर ज्योत फिरवली. पाणी मारून बघितलं, पसरलं. हिला म्हटलं, लांब राहा. तर कणीक मळता मळता उठली आणि तेलाच्या हातानं चाचपलंच! "गरम हाय का बघत होते," म्हणे. मी रागानं तसंच नाव लिहिलं. मधलं अक्षर लवकरच उडालं, बाकीची हलली नाहीत. नळावरच्या बायका तिला त्या तुटक्या नावानंच हाक मारायच्या. तीही खुशाल ओ द्यायची.

पोरानं घासणी घेतली. मी खाटेवर बसून बघत होतो. मनगट दुखेस्तोवर घासलं, नाव तसंच. शेवटी दमून म्हणाला, "बरं, न्यायचंच असलं तर मधलं अक्षर तरी भरून देतो. चांगलं दिसेल."

"खबरदार! तिथं तुझ्या आईची बोटं लागलीत."

त्यानं घासणी खाली ठेवली. मी म्हटलं, "पिंप टेम्पोत चढणार नसंल, तर मीबी चढत न्हाई."

चढलं.

आता ते गॅलरीत आहे. इथं दिवसभर नळाला पाणी असतं, तरी मी भरून ठेवतो. सून म्हणते, डास होतील. झाकण घट्ट आहे म्हटलं. आणि नाव भिंतीकडं नाही, घराकडं तोंड करून ठेवलंय.