टपालाचं सोवळं

माझे बाबा, लिनार्दो फ्रेरी, ग्रीसमधल्या आमच्या सिरोस बंदरात, साथ पसरू नये म्हणून टपालाला धुरी द्यायचे. क्वारंटीनमधल्या आगबोटीवरची थैली लांब चिमट्याने उचलायची, धूर आत शिरावा म्हणून पत्रांना चीर पाडायची, मग ती गंधकाच्या धुरावर धरायची. तिथल्या कशालाही नुसता हात लागला, तरी लावणाऱ्याची रवानगी थेट आजाऱ्यांत. बाबांचा हात कधी लागला नाही. या सोवळ्याचा त्यांना भलता तोरा होता. शेजारणी आईला चिडवायच्या, "काय गं, तुझा नवरा जेवतोही चिमट्यानेच का?"

मी इजिप्तमध्ये, आलेक्सांद्रियाला एका व्यापाऱ्याकडे मुलं सांभाळायला होते. त्या उन्हाळ्यात तिथे पटकी आली. घाबरून मी टपालाच्या आगबोटीने घरी निघाले, आणि वाटेतच मला जुलाब सुरू झाले.

बंदरात हुकूम तयारच होता. थैली तेवढी घ्यायची. उतारूंना घेऊन आगबोटीने पलीकडच्या ओसाड बेटावर जायचं. आधीच्या आगबोटीतले आजारी तिथे नुसते टाकून दिले होते. पाणी पाजायलाही कोणी नाही. आमच्या थैलीसाठी स्मिर्नाला आणि पिरेयसला जाणाऱ्या आगबोटी खोळंबल्या होत्या, व्यापारी धक्क्यावर बोंबलत होते.

थैली घ्यायला बाबा एकटेच होडी वल्हवत आले. मी या आगबोटीवर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी कठड्यावरून हाक मारली.

"रोझा? तू? नीट उभी राहा बघू."

मला उभं राहवेना.

थैली दोराने खाली आली. बाबांनी चिमटा होडीत ठेवला आणि थैली दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

लांबच्या होडीतून अधिकारी सिदेरी ओरडले, "अरे लिनार्दो, वेड लागलं का? हात लावलास की!"

"लावला खरा, साहेब. आता नियमाप्रमाणे मला वर धाडा."

"आणि टपाल?"

"तेही बाटलं. येईल माझ्याबरोबर."

व्यापाऱ्यांनी नंतर त्यांची नोकरी घालवलीच. उरलेला जन्म ते लोकांची जाळी दुरुस्त करत बसले. पण ते पुढचं.

बेटावरच्या तंबूत मी स्वतःच्याच घाणीत पडले होते. बाबा पाणी घेऊन आत आले, तशी मला लाजही वाटली आणि भीतीही.

"बाबा, शिवू नका मला!"

"गप. सरक जरा," ते म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मला कळायला लागल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच जवळ घेतलं होतं.