अक्काच्या वजनाचं पोतं

निरोप आला तेव्हा मी रेल्वेच्या शेडमध्ये एका इंजिनाखाली होतो. "कुसगावचे सर पडलेत, लवकर चला. मशीन चालूच हाय," एवढंच तो माणूस म्हणाला. निम्मा निरोप मशीनचा होता, याचा मला रस्ताभर राग येत राहिला. सायकल हाणत पोचलो, तर रघुनाथ त्याच्या पत्र्याच्या खोलीत जमिनीवर निजल्यासारखा पडलेला, शेजारी मिठाच्या पाण्याचं पातेलं लवंडलेलं, आणि मागे ते यंत्र आपलं खाली बसतंय, उठतंय, पुन्हा खाली बसतंय. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, म्हणाले. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मलाही नव्हतं, म्हणून मी उठून बटण बंद केलं. खोली एकदम गप्प झाली आणि मग मला रडू आलं.

रघू आणि मी लोणावळ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी रेल्वेत चिकटलो. तो शिकत गेला, इंजिनिअर झाला आणि पुण्याच्या कॉलेजात शिकवायला लागला. त्याला शिकवलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, सोनाबाईनं. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणतो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. टाकव्याला लोकांच्या भातखाचरांत दिवसदिवस वाकून तिनं या भावाला वाढवलं. रघू हुशार होता, पण त्याहून जास्त हट्टी होता. एखादी गोष्ट डोक्यात बसली की जेवणखाण विसरायचा, आणि वर आपल्यालाच विचारायचा, "लेका, मी जेवलो का रे?" असल्या माणसाशी मैत्री म्हणजे डोक्याला ताप. तो ताप मी हौसेनं सोसला.

तोवर त्याचं संशोधन लोखंड कापायच्या हत्यारांवर चाललं होतं. मग एका भातलावणीत अक्का बांधावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. पुण्यात ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडाचा मोडका गोळा काढून त्या जागी परदेशी धातूचा गोळा बसवला. अक्का काठी न घेता चालायला लागली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आता खाली बसायचं नाही. उकिडवं नाही, मांडी घालून नाही, जन्मभर नाही. खुर्चीवर बसत चला. अक्काच्या घरात खुर्ची नव्हती. रघूनं पुण्याहून एक घेतली, एस.टी.च्या टपावर बांधून टाकव्याला नेली आणि चुलीपासून चार हातांवर ठेवली. "चूल खाली, बायका खाली, अन् मी एकटीच वर," अक्का मला म्हणाली. "तमाशा बघाया बसल्यावानी दिसतं, भाऊ." मी हसलो. ती हसली नाही. खाचरात उतरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, परसाकडं जायचं तर रडकुंडीला यायचं... चालता येत होतं तिला, पण चालून जायचं कुठं?

त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतल्यावर एक छोटं विहार बांधलं होतं. बुद्धपौर्णिमेला आम्ही तिघे तिथं गेलो. पोरांनी अक्काची खुर्ची आधीच नेऊन मांडली होती. अक्का आत गेली, खुर्चीकडं बघितलं, समोर पाटावर ठेवलेल्या मूर्तीकडं बघितलं. मूर्ती खुर्चीच्या बैठकीहून खाली येत होती. "त्यांच्यापरीस उंच कशी बसू रं मी?" असं म्हणाली आणि आम्ही उठेपर्यंत खाली बसलीसुद्धा, चांगली मांडी घालून. सगळी वंदना तिनं खड्या आवाजात म्हटली. तिचा चेहरा इतका निवांत मी त्या अपघातानंतर पाहिला नव्हता. उठताना मात्र गोळा खुब्याच्या वाटीतून निसटला आणि ती जी ओरडली ते अजून माझ्या कानात आहे.

पुन्हा पुणे, पुन्हा भूल, पुन्हा ते डॉक्टर. ते अक्काला फाडफाड बोलले. मी भीत भीत रघूकडं पाहिलं, म्हटलं आता हाही तिला बोलणार. तो शांतपणे म्हणाला, "चूक अक्काची नाही. खुर्चीवर बसणाऱ्या लोकांनी बनवलेला सांधा आहे हा."

त्यानंतर त्याला दुसरा विषय उरला नाही. कॉलेजातले वरिष्ठ म्हणाले, मावळातल्या बायका खाली बसतात हा काय संशोधनाचा विषय आहे? रघूनं कुसगावात पत्र्याची खोली घेतली आणि सुट्टीचे सगळे दिवस तिथं घालवायला लागला. अडचण त्यानं मला विटकरीच्या तुकड्यानं फरशीवर काढून समजावली होती. गोळ्याखाली जी मान असते ती जाड ठेवली, तर खाली बसताना ती वाटीच्या कडेला अडते आणि गोळा उचकटून बाहेर येतो. बारीक केली तर अडत नाही, पण वजनानं मोडते. "एवढंच आहे बघ," तो म्हणाला होता. एवढंच म्हणता म्हणता त्याचे केस पांढरे झाले.

नवी मान टिकते का ते बघायला त्यानं ते यंत्र बांधलं. मोटर, दांडा, शरीराच्या आतल्यासारखं कोमट खारं पाणी, त्यात तो सांधा, आणि वर इंद्रायणीच्या वाळूचं पोतं. पोतं बरोब्बर अक्काच्या वजनाचं. आजूबाजूचे लोक त्याला उठाबशांचं मशीन म्हणत. टाकव्याला गेलं की अक्का दारातूनच विचारायची, "बसलं का रं?" हा म्हणायचा, "बसलं, पण मान मोडली." दरवेळी तेच. धातूवर एवढासा ओरखडा राहिला तरी तिथूनच चीर सुरू व्हायची. मग आमच्या शेडमधल्या घणाखाली घडवलेल्या माना झाल्या, फडक्यानं आठवडे न् आठवडे घासून आरशासारख्या केलेल्या माना झाल्या. खोलीच्या कोपऱ्यात मोडक्यांचा ढीग वाढत गेला. इकडं खुर्चीत बसून बसून अक्का वाळत चालली होती. टाकव्याहून परत आला की रघू आधी पोत्याचं तोंड सोडायचा आणि ओंजळभर वाळू बाहेर काढायचा.

तो गेला त्या दिवशी यंत्रात जी मान होती, ती आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकलेली होती. म्हणून मी यंत्र पुन्हा चालू केलं. सकाळी कामावर जाताना सुरू करायचं, संध्याकाळी बंद करायचं, पाण्यात मीठ घालायचं. मान मोडेना. मला वेड्यासारखी आशा वाटायला लागली. पुण्याला जाऊन अक्काच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "यंत्रावर टिकलं म्हणून माणसात घालता येत नाही हो. पुढच्या कितीतरी चाचण्या बाकी आहेत. त्या कोण करणार? ते असते तर गोष्ट वेगळी होती." मला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण ते खरं बोलत होते, आणि मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, मी काय भांडणार... तसाच परत आलो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्या खोलीपुढच्या अंगणात झाला. सगळे सतरंजीवर बसले. अक्कानं स्वतःहून खुर्ची पार मागे, खोलीच्या दाराशी न्यायला लावली. भावाच्या फोटोसमोर लोक खाली बसून फुलं वाहत होते आणि ती दुरून, उंचावरून बघत होती. हात पुढं करून तिला कुणी खाली घेऊ शकत नव्हतं. लोक पांगल्यावर ती म्हणाली, "भाऊ, ते मशीन दावा मला." इतकी वर्षं तिनं ते पाहिलं नव्हतं.

मी बटण दाबलं. पोतं खाली आलं, वर गेलं, खाली आलं. अक्का दाराला धरून उभी होती.

"त्या पोत्यात काय हाय?"

"वाळू. तुमच्या वजनाची, अक्का."

ती पुढं झाली आणि हलत्या पोत्यावर तिनं हात ठेवला. हात पोत्याबरोबर खाली जायचा, वर यायचा. "कसं बिनघोर बसतंय बगा," ती म्हणाली. "मोडलं न्हाई?"

"नाही."

"मग मला कवा घालत्यात?"

डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. तिनं पदरानं पोत्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग. पर बंद नका करू त्येला. माझ्या वाटचं बसतंय ते."

जीपमध्ये चढवताना मी तिला दंडाला धरलं. माझी बोटं एकमेकांना टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ घातलं, पाणी कोमट आहे ना ते पाहिलं. मग यंत्र सुरू करायला बटणाकडं गेलेला हात मागे घेतला, पोत्याचं तोंड सोडलं आणि दोन ओंजळी वाळू बाहेर काढली.