काकूंच्या खोलीतलं हसू
टीव्हीत मागून हसण्याचा आवाज आला, की मला ऐंशीच्या दशकातली आमची कांदिवलीची चाळ आठवते, जिथे मजल्यावर फक्त मालवणी काकूंकडे टीव्ही होता. हास्यमालिका लागली की दाराबाहेर चपलांचा ढीग, आत आम्ही मांडीला मांडी लावून, आणि खोलीभर तळलेल्या बांगड्यांचा वास. मालिकेतला नवरा दर आठवड्याला सोफ्यावरून पडायचा, काकू हसायच्या, की आम्हीही हसायचो. दुसऱ्याच्या टीव्हीला नावं ठेवायची नाहीत, ही चाळीची रीत, पण मी नवी सून, बोलून गेले, “यात हसण्यासारखं काय आहे?” सासूबाईंनी चिमटा काढला. वाटलं, लागली वाट, उद्यापासून हे दार बंद. काकूंनी उठून आवाज बारीक केला आणि माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “माका पण कधी हसू येना नाय गो! तुमी हसतास म्हणान मी हसतंय.” त्यावर खोली जशी हसली, तशी त्या मालिकेला कधीच हसली नव्हती. परवा नात मला जपानी कार्टून दाखवत होती. मी सरळ म्हटलं, “कंटाळवाणं आहे गं.” तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मलापण तसंच वाटतं, आजी! पण वर्गात सगळे बघतात ना.”