भामरे सरांनी पुसलेला आठवडा

ज्या माणसाने माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अख्खा आठवडा पुसून टाकला, तो आज पहाटे गेला.

आणि मी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडतेय.

भामरे सर. नाशिकला आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे सिस्टिम अ‍ॅडमिन.
मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी एकदम पुस्तकी मराठी, पण घरून फोन आला की अहिराणी सुरू. आम्ही पोरी मागे बसून हसायचो.

दोन हजार दोन-तीनची गोष्ट असेल.

माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता. घोटीहून रोज यायचे आणि लॅबला कुलूप लागेपर्यंत तिथेच बसायचे.
सगळ्यांचं काम एका लिनक्स सर्व्हरवर. त्यात प्रत्येकाचं आपापलं होम फोल्डर.
सर म्हणायचे, "फ्लॉपीचा काही भरवसा नाही. सर्व्हरवर ठेवा. मी आहे ना!"

सबमिशन तोंडावर आलं आणि सर्व्हरची डिस्क भरली. फाइल सेव्हच होईना.

कॉलेजने कधी नव्हे ते लगेच नवी डिस्क दिली. सरांनी शनिवारी सगळ्यांची होम फोल्डर्स तिच्यावर कॉपी केली.
पण सोमवारपासून ज्युनिअर्सच्या प्रॅक्टिकल परीक्षा. नव्या डिस्कवर नेण्यासाठी सर्व्हर बंद करता येईना. मग सरांनी जुन्याच डिस्कवर थोडी जागा करून दिली आणि तो आठवडा आम्ही तिथेच काम करत राहिलो.

पुढच्या शनिवारी त्यांनी सर्व्हर नव्या डिस्कवर नेला.
त्याआधी मधल्या आठवड्याचं काम पुन्हा एकदा कॉपी करायला हवं होतं. ते राहून गेलं.
दुसऱ्या लॅबवाल्यांचा डिस्कसाठी तगादा होता, म्हणून जुनी डिस्क तिथल्या तिथे फॉरमॅट करून देऊन टाकली.

सोमवारी मी लॉगिन केलं. फाइल्स होत्या.
पण आठवड्यापूर्वीच्या.

माझा प्रोजेक्ट म्हणजे बाजार समितीच्या कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर. त्याचे सगळे रिपोर्ट मी त्याच आठवड्यात लिहिले होते.
बाकीच्यांकडे घरी पीसी होते, त्यांचं फारसं बिघडलं नाही. रडत होते ती मी.

आमचे विभागप्रमुख, एचओडी, आले. म्हणाले, "नीट सेव्ह केलं नसशील. घाईत होतं असं."

मी नाही म्हणाले नाही. खरं सांगू? मला तेच पटायला लागलं होतं. वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं असेल. घरच्यांना काय सांगायचं? अजून एक वर्ष शिकवायची त्यांची ऐपत नव्हती.

सर तिकडे सर्व्हरसमोर बसून काहीतरी बघत होते. एकदम उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"सर, चूक मनी शे."

आपण अहिराणीत बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.
मग परत म्हणाले, "चूक माझी आहे. शेवटची कॉपी न करता मी जुनी डिस्क पुसली. हिने सगळं बरोबर केलंय. सर्व्हरवर ठेवा, असं मीच सांगितलं होतं."

एचओडी त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले. पार्टिशनपलीकडून फक्त एचओडींचाच आवाज येत होता.
सर कॉन्ट्रॅक्टवर होते. दर वर्षी जूनमध्ये नव्याने नेमणूक. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर आले ते थेट माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.
"प्रिंटआउट काढले होतेस का काही?"
"थोडे आहेत."
"आण. तू वाचून दाखव, मी टाइप करतो. जे नसेल ते आठव. घाबरू नको."

सबमिशनपर्यंत आम्ही रोज तेच केलं. त्यांच्या डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली. शेवटची बस चुकू नये म्हणून सर स्कूटरवरून सीबीएस स्टँडला सोडायला यायचे.

एकदा न राहवून विचारलं, "सर, तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलं असतं?"

स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "अगं, तुला जन्मभर वाटलं असतं की तुझ्याच हातून गेलं. मग तू कॉम्प्युटरला हात लावायला घाबरली असतीस."

प्रोजेक्ट सबमिट झाला. दोन रिपोर्ट अर्धवट होते. मार्क बेताचेच पडले, पण पास झाले.

जुलैमध्ये मार्कशीट घ्यायला गेले तर सरांच्या खुर्चीत दुसरंच कोणीतरी.

पंचवटीत त्यांच्या घरी गेले. जमिनीवर पेपर पसरून कोणाचातरी पीसी खोलून बसले होते.
"मी तसाही सोडणारच होतो," म्हणाले.
वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. त्यावरून मला कळलं, यंदा सरांची नेमणूक झालीच नव्हती.
निघताना जिन्यापर्यंत आल्या. "तुझ्यामुळे नाही गं झालं. मनाला लावून घेऊ नको. हे आहेतच असे."

पुढची दोन-तीन वर्षं ओढाताणीची गेली त्यांची. मग पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालं, तिथेच रमले.
मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा सगळ्यांत आधी त्यांना फोन केला. त्यांनी फोन हातात धरूनच वहिनींना अहिराणीत मोठ्याने हाक मारली.

लहानपणापासून काहीही बिघडलं की चूक आम्हा पोरांचीच असायची. घरी, शाळेत, सगळीकडे.
मोठ्या माणसाने चारचौघांत उभं राहून "चूक माझी" म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.
नंतर वीस वर्षं आयटीत काढली. फार नाही दिसले कोणी.

हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं.

वहिनी, नारायणगाव मागे पडलंय. माझ्यासाठी अंत्यविधी थांबवू नका, उशीर करू नका. मी थेट घरीच येते.

सर, तुम्हाला मनापासून नमस्कार.