सप्रे डॉक्टरांचा डिंक

सप्रे डॉक्टर चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. उजव्या हाताला बारीक कंप होता, आणि तो लपवायची ही त्यांची रीत. मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या रक्तवाहिन्या शिवणारा हा माणूस त्या कंपामुळेच रत्नागिरीला परतला होता. ऐंशीच्या दशकात त्यांच्या छोट्या इस्पितळात मी भूल द्यायला जात असे.

“टाका म्हणजे भोक,” ते म्हणत. “एवढ्याशा नळीला भोकं पाडायची आणि वर रक्ताला सांगायचं, इथे गोठू नकोस.” परदेशातल्या एका मित्राने त्यांना रक्तातल्याच द्रव्यापासून केलेला डिंक आणून दिला होता. वाहिनीची टोकं मोजक्या टाक्यांनी जुळवायची आणि बाकीची शिवण डिंकाने बंद करायची. सशांवर त्यांना ते साधलं होतं.

मग वेळणेश्वरचा एक खलाशी आला. सुट्टीत घरी नारळ सोलताना कोयत्याने त्याचा अंगठा तुटला होता. सगळे टाके घालणं डॉक्टरांच्या हाताला झेपणारं नव्हतं. त्यांनी त्याला सारं समजावून सांगितलं, तो हो म्हणाला, आणि डिंक वापरला. अंगठा गुलाबी झाला. “महिन्याभराने दाखवायला ये,” डॉक्टरांनी बजावलं. “आतली शिवण टिकली का, ते तेव्हा कळेल.” तो आला नाही. आम्ही वाट बघत राहिलो.

पुढच्या वर्षी सावर्ड्याच्या सुनंदाला तिच्या भावाने आणलं. लाकडं फोडताना कुऱ्हाडीने अंगठा गेला होता. मी डिंकाचा विषय काढला.

“पहिल्याचं काय झालं, मला ठाऊक नाही,” डॉक्टर म्हणाले. “हिच्यावर कसा वापरू?”

त्यांनी तिला मुंबईला पाठवलं. पोचेपर्यंत फार उशीर झाला. अंगठा जोडता आला नाही.

काही महिन्यांनी खलाशी हसत दारात उभा राहिला. “बोटीवरना बोलावणा आला, डॉक्टर. यायचा ऱ्हायलाच.” डॉक्टरांनी त्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं. ते बराच वेळ तो हात धरून बसले. तो गेल्यावर एवढंच म्हणाले, “म्हणजे तिचाही राहिला असता.”

त्या रविवारी आम्ही सावर्ड्याला गेलो. सुनंदा ओटीवर तांदूळ निवडत होती. डॉक्टरांनी काही न लपवता तिला सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

“तवा तुमाला ठावं नव्हता ना?”

“नव्हतं.”

“मंग झाला तर. बसा, चाय टाकते.”

परतताना एसटीत डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. “ठाऊक नव्हतं, हे खरं,” ते म्हणाले. “पण वेळणेश्वरला त्याची आई होती. त्याची खबर तिला असणारच. मी विचारायला का नाही गेलो?”

त्यानंतर वारले तोवर ते हर्निया, अपेंडिक्स एवढंच करत राहिले. मात्र घरी सोडलेला पेशंट ठरल्या दिवशी दाखवायला आला नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः एसटी पकडून त्याच्या गावी जात.